खाण बंद, ओढा केशरी

३० सप्टेंबर २०२४ रोजी इंग्लंडमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे वीजकेंद्र बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं केंद्र. शेवटची खोल खाण तर २०१५ मध्येच बंद झाली होती. खाण बंद झाली की तिचा त्रासही संपला, असं आपण सहज धरून चालतो. ते खरं नाही. का नाही, हे समजून घ्यायचं तर क्वेकिंग हाउसेस या चिमुकल्या गावाजवळच्या ओढ्याकडे बघावं.

हे गाव इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात आहे. तिथली कित्येक खेडी शेतीमुळे नव्हे, खाणीमुळे वसली. आधी खाणीचं तोंड खणलं गेलं, मग त्याच्याभोवती कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. खाण संपली की गाव पोरकं. १९५१ च्या विकास आराखड्यात तर परगण्यातली शंभराहून जास्त गावं ‘ड’ वर्गात टाकली गेली. तिथे नवी गुंतवणूक करायची नाही, गाव हळूहळू रिकामं होऊ द्यायचं, असं ते धोरण. ते सोडून द्यायला १९७७ उजाडलं. मला हा निर्णय आजही निर्दय वाटतो.

क्वेकिंग हाउसेसजवळची मॉरिसन बस्टी खाण १९७३ मध्ये बंद झाली. मागे राहिला तो तिच्यातून काढलेल्या टाकाऊ दगडांचा भलामोठा ढिगारा. ऐंशीच्या दशकात रस्त्याच्या कामात तो उकरला गेला आणि त्यातून झिरपणारं पाणी स्टॅन्ली बर्न या ओढ्यात उतरू लागलं. तळाच्या दगडांवर केशरी लेप चढला, कुठे पांढरा फेसाळ थर साचला. दगडांखाली राहणाऱ्या किड्यांच्या अळ्या गेल्या, आणि त्यांच्यावर जगणारे मासेही.

हे रंग आले कुठून? कोळशासोबत पायराइट नावाचं पिवळं, चकचकीत खनिज असतं. सोनं समजून लोक फसतात ते हेच. ते लोह आणि गंधकाचं संयुग. जमिनीखाली हवा नसते तोवर कोट्यवधी वर्षं ते निपचित पडून राहतं. खाणीमुळे त्याला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही मिळतं, आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल व विरघळलेलं फेरस लोह तयार होतं. इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. फेरस आणि फेरिक ही विरघळलेल्या लोहाचीच दोन रूपं. फेरस लोहाचं फेरिक होणं आम्लात फारच संथ चालतं, पण काही जिवाणू त्यावरच जगतात आणि तो वेग लाखो पटींनी वाढवतात. तयार झालेलं फेरिक लोह उलटून पायराइटवरच हल्ला करतं: पायराइटच्या एका रेणूमागे १४ फेरिक आयन खर्ची पडतात, १५ फेरस आयन सुटतात आणि आम्लाचे १६ हायड्रोजन आयन मोकळे होतात. ते फेरस पुन्हा जिवाणूंकडे, पुन्हा फेरिक, पुन्हा पायराइटवर. हे चक्र थांबवायला खाणीच्या फाटकाला लावलेलं कुलूप काय कामाचं?

हेच आम्ल दगडांमधल्या चिकणमातीतून ॲल्युमिनियमही विरघळवून आणतं. ओढ्याच्या चांगल्या पाण्यात मिसळल्यावर आम्लता उतरते आणि दोन्ही धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी सॉल्ट ॲनालिसिस केलंय त्यांना तिसरा ग्रुप आठवेल. परीक्षानळीत लोहाचा लालसर तपकिरी अवक्षेप यायचा आणि ॲल्युमिनियमचा जेलीसारखा पांढरा. स्टॅन्ली बर्नच्या तळाला तेच दोन अवक्षेप बसले होते.

गावकऱ्यांनी हे सोसत बसायचं नाकारलं. न्यूकॅसल विद्यापीठातले भूजलतज्ज्ञ पॉल यंगर त्यांच्यासोबत उभे राहिले आणि १९९७ मध्ये तिथे हे पाणी स्वच्छ करण्यासाठी एक पाणथळ बांधून तयार झालं. तळात काय घातलं? गुरांचं शेण, घोड्यांची लीद आणि शहरी कचऱ्याचं कंपोस्ट.

या थरात गोबर गॅसच्या टाकीसारखी स्थिती असते. हवा नाही आणि खायला भरपूर सेंद्रिय पदार्थ. तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही, ते सल्फ्युरिक आम्लातून आलेल्या सल्फेटवर श्वास चालवतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे प्रयोगशाळेतल्या किप्स ॲपरेटसमधून येणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. तो लोहाला पकडून काळा आयर्न सल्फाइड बनवतो आणि लोह चिखलातच अडकतं. दुसरा बायकार्बोनेट, आपल्या खाण्याच्या सोड्यातला. तो आम्ल मारतो, आणि आम्ल मेलं की ॲल्युमिनियम ओढ्यात पोचण्याआधी पाणथळातच खाली बसतं. म्हणजे ढिगाऱ्यात गंधकाचं जे झालं, त्याच्या नेमकं उलट इथे घडतं. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळेच.

शेणाचं नाव आलं की ‘बघा, शेणानं पाणी शुद्ध होतं’ असे मेसेज फिरायला वेळ लागत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. इथे शेण हे जिवाणूंचं खाद्य आहे. लीद आणि कचऱ्याचं कंपोस्टही तेच काम करतं. पिण्याच्या पाण्यात शेण गेलं तर जुलाबच होतील.

आपल्याकडे खाणींतल्या या आम्लाचं सर्वांत ठळक उदाहरण मेघालयात दिसतं. तिथल्या कोळशात गंधक भरपूर आहे आणि जैंतिया टेकड्यांमधल्या नद्या याच आम्लानं नासल्या आहेत. विदर्भातल्या कोळशात गंधक त्या मानानं बरंच कमी.

पाणथळाची देखभाल मात्र सुटत नाही. थंडीत जिवाणू मंदावतात. सेंद्रिय पदार्थ वर्षागणिक संपत जातो, धातूंचा गाळ साठत जातो, आणि कधीतरी तो काळा चिखल उपसून नवं खत भरावंच लागतं. ढिगाऱ्यात पायराइट शिल्लक आहे, आणि डरहॅममध्ये पाऊस बाराही महिने पडतो.