हद्दवाढ वेगळी, प्राधिकरण वेगळं: कोल्हापूरचं घोडं अडलंय कुठे?

कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर 'हद्दवाढ झाली का हो?' असं विचारलं की तीन उत्तरं येतात. 'कुठली होतीय', 'होणार म्हणत्यात' आणि 'झाली की मागंच, ती बेचाळीस गावं न्हाईत का घेतली?' पहिल्या दोन उत्तरांत राजकारण आहे. तिसऱ्यात सरळ गल्लत आहे. ती बेचाळीस गावं घेतली प्राधिकरणात, म्हणजे बांधकामाचं नियोजन करणाऱ्या वेगळ्या सरकारी संस्थेत. महापालिकेत त्यातलं एकही गाव तेव्हा आलं नाही.

ही गल्लत कट्ट्यापुरती असती तर सोडून देता आली असती. पण पाचगाव-मोरेवाडीकडे फ्लॅट घेणारा माणूस 'प्राधिकरणात आहे म्हणजे शहरातच आलो' असं धरून चालतो, आणि ताबा मिळाल्यावर कचऱ्याचा टिपर का येत नाही म्हणून महापालिकेला फोन लावतो.

आधी हद्दवाढ. महापालिकेची हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा आहे आणि तो महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधून येतो. सरकार अधिसूचना काढतं, हरकती मागवतं, मग अंतिम निर्णय होतो. निर्णय झाला की गावाची ग्रामपंचायत संपते. सरपंच जातो, नगरसेवक येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचं (कर आकारणीच्या नोंदवहीतलं) घर महापालिकेच्या घरफाळ्याच्या यादीत जातं. पाणी, गटार, दिवाबत्ती, कोंडाळा, रस्त्यावरचा खड्डा, सगळी जबाबदारी पालिकेची. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदार तेवढ्याने कमी होतात, आणि ग्रामीण पुढाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथे.

प्राधिकरणाचा जन्म दुसऱ्या कायद्यातला, १९६६ च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमातला. त्यात ग्रामपंचायत जागच्या जागी राहते. प्राधिकरण एवढंच ठरवतं की कुठे काय बांधायचं: रस्ते किती रुंद, शाळेला आणि बागेला जागा कुठली, शेती कुठवर. बांधकाम परवाना तेच देतं, विकास शुल्क तेच घेतं, बेकायदा इमल्यावर नोटीसही तेच काढतं. पण कचरा ते उचलत नाही, घरोघरी नळ देत नाही आणि त्यासाठी तुम्ही थेट कोणाला मत देत नाही. गटार तुंबलं तर ग्रामसेवक गाठायचा, शेजाऱ्यानं परवाना न घेता मजला चढवला तर प्राधिकरण. हे एकाच गल्लीत राहून दोन दारं झिजवणं आहे.

कोल्हापूरला हे दुसरं का मिळालं ते पाहण्यासारखं आहे. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, आणि क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. महापालिका झाल्यावर अर्धशतक उलटलं तरी हद्द इंचभर सरकली नाही. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ४.९ लाख होती, २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६. आकडा बेताचाच वाढला, कारण वाढ हद्दीच्या पलीकडे झाली. उत्तरेला आणि पश्चिमेला पंचगंगेचं पूरक्षेत्र, तिकडे पसरायला वाव कमी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं तर तो विषयच संपवला. मग शहर सरकलं दक्षिणेला आणि पूर्वेला: कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, सरनोबतवाडी, उचगाव, उजळाईवाडी.

महापालिकेनं अठरा गावं आणि शिरोली, गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहती मागितल्या. गावं रस्त्यावर उतरली. हद्दवाढ हवी म्हणणारी शहरातली कृती समितीही रस्त्यावर उतरली. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये बेचाळीस गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. गंमत अशी की थोड्याच दिवसांत यातल्याच गावांतून 'प्राधिकरणही नको' अशी मागणी आली. ते तसं स्वाभाविक होतं. परवान्याचा कागद कडक झाला, शुल्क वाढलं आणि बदल्यात दारात काहीच दिसेना.

प्राधिकरण म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर पिंपरी-चिंचवडचं प्राधिकरण येतं, निगडीचे आखीव सेक्टर, रुंद रस्ते. त्या प्राधिकरणानं जमीन संपादन केली होती, प्लॉट पाडले होते, विकले होते. कोल्हापुरात तसं झालं नाही. इथलं प्राधिकरण लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर नियम लावणारं आहे, आणि माणसांची वानवा हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा विषय. त्यामुळे निगडीची अपेक्षा कळंब्याकडून करण्यात अर्थ नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण 'गावात ओततात आणि उपनगरं उपाशी' ही तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते. (कोल्हापुरात 'गावात' म्हणजे महाद्वार, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. उपनगरातला माणूस अजूनही 'गावात जाऊन येतो' म्हणतो.) मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला सुमारे १,४४५ कोटी रुपये मंजूर झाले. काळम्मावाडीहून पाणी आणणारी थेट पाइपलाइन, जिच्यासाठी शहरानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि जिचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, ती मंजूर झाली तेव्हा सुमारे ४८८ कोटींची होती. म्हणजे संपूर्ण शहराच्या पाण्यासाठी मंजूर झालेल्या रकमेच्या जवळपास तिप्पट रक्कम देवळाभोवतीच्या मोजक्या गल्ल्यांसाठी. त्यात भूसंपादन आहे, दुकानं हलवणं आहे, भाविकांच्या सोयी आहेत, त्यामुळे निव्वळ रकमांची तुलना थोडी अन्यायाची होईल. तरी शहराचा चेहरा म्हणून सरकारला काय दिसतं ते त्यातून कळतं.

आणि चेहरा म्हणून ते चूकही नाही. बाहेरचा माणूस अंबाबाईला, रंकाळ्याला, न्यू पॅलेसला येतो. पाचगावची गुंठेवारी बघायला कोण येणार? पण हा पैसा ठरावीक आराखड्यासाठी बांधून आलेला असतो, तो उचलून उचगावच्या गटाराला लावता येत नाही. मंदिराचा निधी उपनगराच्या तोंडचा घास आहे हे म्हणणं म्हणूनच अर्धवट. उपनगराला पैसा मिळत नाही याचं कारण ते कायद्यानं उपनगरच नाही. ते खेडं आहे, आणि खेड्याला खेड्याच्या योजनांतून मिळतं: वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला, पाण्याला जलजीवन मिशन. चार मजली अपार्टमेंट उभी असलेल्या जागेला दप्तरात 'ग्रामीण' म्हणायचं आणि ग्रामीण मापानं निधी द्यायचा, असा हा प्रकार.

उलट बाजूही आहे. कोल्हापूरचं नाव वापरणारं बरंच काही हद्दीबाहेर आहे. विमानतळ उजळाईवाडीत. उद्योग शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात. कापडाचा घाऊक बाजार गांधीनगरात, जिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी बस्तान बसवलं. यांचा कर पालिकेला नाही, आणि यांतल्या कामगारांची, गिऱ्हाइकांची वर्दळ पालिकेच्या रस्त्यावर. शिवाजी पेठेतलं पोरगं लग्न झाल्यावर पाचगावात फ्लॅट घेतं, कारण पेठेतल्या वाटणीच्या घरात दोन खोल्यासुद्धा येत नाहीत. पण गणपतीला ते तालमीतच येतं, पोराला शाळा शहरातली, दवाखाना शहरातला, केएमटीनं (महापालिकेच्या बसनं) किंवा गाडीवरून रोजचं येणंजाणं. घरफाळा मात्र ग्रामपंचायतीला. हद्दवाढवाले चिडतात ते यावर, आणि 'मग केएमटी बंद करा' अशी भाषा येते. गाववाल्यांचं उत्तर ठरलेलं: 'जे आत आहे ते तरी नीट करा आधी.'

या उत्तरात दम आहे, हे सोलापूरकडे पाहून कळतं. सोलापूरनं १९९२ मध्ये हद्दवाढ केली, तीही दणदणीत. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर एका झटक्यात सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं झालं. गिरण्यांवर उभं राहिलेलं, त्याच काळात गिरण्या बंद पडत चाललेलं शहर, आणि अंगावर पाचपट जमीन. नळ, ड्रेनेज, रस्ते यांचं जाळं तेवढं पसरायला पैसा कुठून येणार होता? तीन दशकं झाली तरी तिथे पाण्याचं वेळापत्रक सांगताना 'हद्दवाढ भाग' वेगळा सांगावा लागतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड वाढला, घरं झाली, सोयी मागून रखडत आल्या. पुढे जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकानं आलं, तेव्हा डोळ्यात भरणारी कामं झाली ती सिद्धेश्वर तलाव, पार्क स्टेडियम, रंगभवन या मध्यवर्ती भागात. योजनेची रचनाच तशी होती: शहरातला एक पट्टा निवडा आणि तिथे काम दाखवा. हद्दीतली गावं मग बघतच बसतात.

आणि एवढी हद्द घेऊनही शहर तिच्या बाहेर गेलंच. विडी आणि इतर असंघटित कामगारांसाठी माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली तीस हजार घरांची रे नगर वसाहत दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारीला आहे. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांनी १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. सोलापूरच्या छातीवरचा एक बिल्ला म्हणून ती दाखवतात, आणि ती महापालिकेच्या हद्दीत नाही.

विरोधामागे कराची भीती सर्वांत मोठी मानली जाते. नियम खरं तर तितका क्रूर नाही. नव्यानं आलेल्या भागात सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर चालतो आणि मग टप्प्याटप्प्यानं तो महापालिकेच्या दरापर्यंत चढतो. पण पुण्याचं उदाहरण गावांच्या तोंडपाठ आहे. २०१७ मध्ये अकरा गावं पुण्यात घेतली, त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला महापालिकेचा कर झेपेना आणि सोयी दिसेनात. शेवटी ती दोन गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. आत जाऊन परत बाहेर आलेलं गाव दाखवलं की हद्दवाढीच्या सभेत पुढे बोलणं अवघड होतं.

पुढारी याबाबत मोघम का बोलतात त्याचंही उत्तर नकाशात आहे. कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात शहराचे प्रभागही येतात आणि हद्दीला चिकटलेली गावंही. एका बाजूला बोललं की दुसरीकडे मतं जातात. शिवाय प्रत्येक वेळी काही ना काही आडवं येतं: कधी निवडणूक, कधी जनगणना. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी गोठवण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती.

माझं मत विचाराल तर अठरा गावांचा घास घेण्यात शहाणपण नव्हतं, सोलापूरनं ते दाखवून दिलंय. जिथे शहर आणि गाव यांच्यामध्ये आता एक वावरही उरलेलं नाही अशी गावं, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, सरनोबतवाडी, उचगाव यांसारखी, ती आत घ्यावीत. जिथे अजून उसाचा पट्टा आहे तिथे प्राधिकरण ठेवावं, पण त्याला नगररचनाकार आणि पैसा देऊन. म्हणजे हद्दवाढ ही जुन्या दाट वस्तीची गोष्ट आणि प्राधिकरण ही होऊ घातलेल्या वस्तीची. आपण नेमकं उलटं केलं: घरं होऊन गेलेल्या गावांवर नियोजन संस्था बसवली, जिच्या हातात आता आराखड्यावर रस्ता आखणं आहे पण तो ज्या घरांतून जातो ती घरं हटवणं नाही. आणि घेणार असाल तर कोणत्या वर्षी कोणत्या गल्लीत पाणी, हे आधी लेखी द्या. गावं पालिकेवर विश्वास ठेवत नाहीत, कागदावर कदाचित ठेवतील.

तोवर या पट्ट्यात घर घेणाऱ्यानं काय पाहावं? जाहिरातीतलं 'कोल्हापूर सिटी' वाचू नये. मिळकत प्रॉपर्टी कार्डावर आहे की नमुना ८ वर, बांधकाम परवाना महापालिकेचा, प्राधिकरणाचा की २०१७ च्या आधीचा, हे बघावं. पाणी काळम्मावाडीचं की गांधीनगर प्रादेशिक योजनेचं की नुसतं बोअरचं, हे बिल्डरला न विचारता वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारावं. तावडे हॉटेल ते गांधीनगर रस्त्याच्या बाजूला असाल तर आणखी सावध राहा. तिथली जागा महापालिकेची की उचगावची, यावर पालिका आणि ग्रामपंचायत यांच्यातच वर्षानुवर्षं वाद चाललेला आहे.