साथ, सहल आणि डिझेल: गाडी ठरवण्याआधी वाचावे असे माहितीपत्रक

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात गाडी ठरवायला येणारे बरेच जण अजूनही कोरोनाच्या साथीतला, २०२०चा हिशेब मागतात. ‘तेव्हा जगात तेल फुकट झालं होतं म्हणे, मग तुमचा किलोमीटरचा दर का नाही उतरला?’ प्रश्न रास्त आहे. कुठल्याही नव्या साथीची बातमी आली की दुसरा प्रश्न येतो, ‘बुकिंग करू की थांबू?’ काउंटरवर उभ्या उभ्या या दोन्हींची उत्तरं नीट देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

तेल उतरलं, पंप उतरला नाही

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा (म्हणजे मेमध्ये तेल उचलायच्या आगाऊ सौद्याचा) भाव उणे ३७ डॉलरवर गेला. विमानं जमिनीवर, गाड्या दारात, तेलाला गिऱ्हाईक नाही आणि साठवायच्या टाक्या भरत आलेल्या. त्यामुळे पदरचे पैसे देऊन सौदा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची वेळ व्यापाऱ्यांवर आली. पण तो एका वायद्याचा, तिथल्या बाजारातला भाव होता. भारत विकत घेतो त्या तेलाची सरासरी त्या महिन्यात पिंपाला २० डॉलरच्या आसपास होती. पिंपात १५९ लिटर असतात. तेव्हाच्या रुपयात मोजलं तर लिटरला साडेनऊ-दहा रुपये.

पुण्यात पेट्रोल तेव्हा ७५-७६ रुपयांच्या घरात होतं. शुद्धीकरण, टँकरची वाहतूक आणि पंपवाल्याचं कमिशन मिळूनही एवढी तफावत होत नाही. त्यात मोठा वाटा करांचा. केंद्राने मार्च २०२० मध्ये अबकारी कर लिटरला ३ रुपयांनी वाढवला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर आणखी १०, डिझेलवर १३ रुपयांनी. मेची वाढ पंपावर दिसलीच नाही, कारण कच्च्या तेलातली घसरण तिने गिळली. राज्यानेही १ जूनपासून २ रुपये चढवले. म्हणजे स्वस्ताई झाली होती, पण ती तिजोरीत जमा झाली, तुमच्या-आमच्या टाकीत नाही.

मार्चच्या मध्यापासून रोजचा भावबदलही थांबवलेला होता. तो ७ जूनला पुन्हा सुरू झाला, म्हणजे नेमका लोक बाहेर पडू लागले तेव्हा, आणि महिनाअखेरीपर्यंत पेट्रोल-डिझेल जवळजवळ रोज चढत गेलं. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मध्यावर, पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली. साथीचा हाच क्रम लक्षात ठेवा: प्रवास बंद असतो तेव्हा तेल उतरतं, आणि प्रवास खुला होतो तेव्हा ते वर निघालेलं असतं. तेल स्वस्त होईल म्हणून सहल पुढे ढकलण्यात आम्हाला तरी फायदा दिसत नाही.

भाड्यात डिझेल किती?

वाटतं त्यापेक्षा कमी. समजा इनोव्हा लिटरला १२ किलोमीटर देते. पुण्याहून महाबळेश्वर, तिथलं फिरणं आणि परत, असे ३०० किलोमीटर धरा. डिझेल लागेल २५ लिटर. भाव लिटरमागे १० रुपयांनी वाढला तर अख्ख्या फेरीला २५० रुपये जास्त; सहा जणांत वाटले तर माणशी बेचाळीसच्या आसपास.

साथीत खिशाला खरा चटका बसला तो आसनसंख्येचा. सुरुवातीला टॅक्सीत ड्रायव्हर सोडून दोघांनाच परवानगी होती, सप्टेंबर २०२० पासून तिघांना. सहा जणांच्या घराला एका गाडीऐवजी आधी तीन, मग दोन गाड्या. डिझेल निम्म्यावर आलं असतं तरी हा खर्च भरून निघाला नसता. शिवाय गाडी दारात उभी राहिली तरी बँकेचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार उभे राहत नाहीत. ते पैसे शेवटी किलोमीटरच्या दरातूनच येतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

बेत मोडतो तो बहुधा स्थानिक आदेशाने

दिल्लीहून येणारी मोठी घोषणा सगळ्यांना कळते. अडचण करतो तो जिल्ह्याचा किंवा महापालिकेचा आदेश. जुलै २०२० मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडला १३ ते २३ तारखेपर्यंत पुन्हा टाळेबंदी लागली, तीही जेमतेम दोन-तीन दिवस आधी जाहीर होऊन. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. तो सप्टेंबरमध्ये रद्द झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये परत आला. पंढरीच्या वारीतही २०२० साली आळंदी-देहूहून पादुका एसटीने न्याव्या लागल्या, तिथे आपल्या लोणावळ्याच्या बेताची काय कथा!

विमानाच्या तिकिटांचं सांगायचं तर, टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये आला. तोवर अनेकांच्या हाती रोख रकमेऐवजी पुढच्या प्रवासासाठीची जमा नोंद होती. म्हणून तिकीट काढताना एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा: विमान कंपनीने रद्द केलं तर काय आणि तुम्ही स्वतः रद्द केलं तर काय. दोन्हींचे नियम वेगळे असतात. प्रवास विम्यात साथीचा रोग वगळलेला आहे का, हेही पाहून घ्या.

आमच्याकडे काय नियम आहेत

आम्ही दिलेला दर १५ दिवस बांधील असतो. त्यानंतर प्रवासाच्या दिवशी डिझेल लिटरमागे ५ रुपयांपर्यंत वर-खाली झालं तर दर तोच. त्यापलीकडे गेलं तर वरचा फरक किलोमीटरप्रमाणे बिलात वेगळा लिहून देतो, आणि भाव उतरला तर तसाच वजाही करतो. सीएनजी गाड्यांना हाच नियम, फक्त किलोवर.

सरकारी आदेशाने प्रवास बंद झाला तर गाडीची आगाऊ रक्कम पूर्ण परत, किंवा तुम्हाला हवं असेल तर पुढच्या तारखेला वळती. पर्याय तुमचा, आमचा नाही. हॉटेलची आगाऊ रक्कम मात्र आम्ही पुढे पाठवलेली असते. हॉटेलवाल्याने दिली तशी मिळेल. म्हणून साथीच्या दिवसांत हॉटेलला कमीत कमी आगाऊ द्या, आणि रद्द करण्याची मुदत त्याच्याकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल. घरात कुणी आजारी पडल्यामुळे रद्द केलंत तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, गाडीची तारीख बदलून देऊ. ‘बातम्या ऐकून नको वाटतंय’ या कारणासाठी मात्र नेहमीचे रद्द-शुल्क लागेल.

दर विचारायला येताना किती माणसं, सामान किती, आणि त्यातलं कुणी साठीच्या पुढचं किंवा अगदी लहान आहे का, एवढं सांगा. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता दरात धरलेला नसतो. तो आकडा आम्ही वेगळा लिहून देतो.