सँपल घाटावर, फोटो मेलवर: सामायिक मायक्रोस्कोपीची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नॅनोवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, प्रोजेक्ट करणाऱ्या एमएस्सीच्या पोरांना विचारा सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची तपासणी) झालं का, तर उत्तर ठरलेलं, "सँपल गेलंय." गेलंय म्हणजे मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा जन्म वगैरे बहुतेकांना माहीतच आहे. 1931 ला बर्लिनमध्ये पहिलं, 1965 ला इंग्लंडात स्कॅनिंगवालं बाजारात आलं, आणि आपल्याकडे 1940 च्या दशकात कोलकात्यात एक हातानं जुळवलेलंसुद्धा होतं. कोकणाचा संबंध येतो तो 1970 च्या दशकात. दिल्लीच्या विज्ञान खात्यानं हिशोब केला की एवढं महाग मशीन प्रत्येक विद्यापीठाला देणं परवडणार नाही, मग मोजक्या ठिकाणी प्रादेशिक केंद्रं काढायची, बाकीच्यांनी सँपल पाठवायचं आणि फी भरायची. आपल्या बाजूचं केंद्र 1976 मध्ये पवईला झालं. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, कोकणात मशीन चालवायचं तर वीज कुठली आणि सर्व्हिस इंजिनिअर येणार कसा, रेल्वेच मुळी 1998 ला पूर्ण झाली.

खरी धांदल उडाली 2000 नंतर. 2001 ला केंद्र सरकारचा नॅनोचा कार्यक्रम निघाला, 2007 ला त्याचं मोठं मिशन झालं, पाच वर्षांसाठी 1000 कोटी, आणि ज्याला त्याला नॅनो करायचं होतं. छोट्या कॉलेजांना यातलं परवडलं ते ग्रीन सिंथेसिस. सिल्व्हर नायट्रेट घ्यायचं, त्यात कोकमाच्या सालीचा नाहीतर आंब्याच्या पानाचा अर्क घालायचा, द्रावण पिवळं-तपकिरी झालं की चांदीचे कण झाले. पाणी मात्र डिस्टिल्डच हवं, खाडीकाठच्या विहिरीचं चालत नाही, त्यातल्या क्लोराईडनं सिल्व्हर क्लोराईड होऊन सगळं दुधाळ होतं. इथपर्यंत सगळं कॉलेजातच होतं. पण कण किती नॅनोमीटरचे हे साध्या मायक्रोस्कोपला दिसणार नाही, त्याची मजल 200 नॅनोमीटरच्या आसपास संपते, म्हणजे पुढचं काम केंद्रावरच. फॉर्म भरा, गाईडची सही घ्या, कुपी कुरिअर करा. दर तीन प्रकारचे, आतल्यांना कमी, बाहेरच्या कॉलेजांना जास्त, कंपन्यांना सगळ्यात जास्त, वर जीएसटी. दरावरून भांडणं खूप होतात पण माझ्या मते तो मुख्य प्रश्न नाहीच.

मुख्य प्रश्न आहे मशीनवर कोण बसणार. सुरुवातीपासून बहुतेक केंद्रांनी ठरवलं की फक्त ऑपरेटर. कारणही खोटं नाही. फील्ड एमिशनवाल्या (जास्त बारीक दिसणाऱ्या, महागड्या) मशीनच्या गनमधलं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागातलं, व्हॅक्यूम दिवसरात्र राखावं लागतं, एखाद्या नवख्यानं ओलसर सँपल आत घातलं तर चेंबर खराब होतं आणि गनची टिप गेली तर तिची किंमत ऐकून डीनसाहेबांचा बीपी वाढतो. जुन्या टंगस्टनवाल्याची फिलामेंट स्वस्त, ती लॅबमध्येच बदलता येते, त्यामुळे तिथं शिकवायला हात सैल असतो, पण ग्रँट मागताना साधं मशीन मागायला कुणी तयार नसतं, सगळ्यांना मोठंच हवं. आणि मग मोठं म्हणून कुलुपात.

याचा खरा तोटा बाहेरगावच्या पोरांना होतो. आतला विद्यार्थी निदान ऑपरेटरच्या पाठीमागे उभा राहून म्हणतो, सर जरा डावीकडे घ्या. सावंतवाडीच्या मुलीला मेलवर चार-पाच फोटो येतात, स्केलबारसकट. बाकीची ग्रिड कशी होती ते तिला कधीच कळत नाही. ग्रिड म्हणजे 3 मिलिमीटरची तांब्याची चकती, त्यावर थेंब टाकून वाळवतात, आणि वाळताना कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, आता हे गठ्ठे द्रावणातच होते की वाळवताना झाले हे एका फोटोवरून ठरवता येत नाही, त्यासाठी आणखी चार जागा बघाव्या लागतात. सेममध्ये स्वच्छ चौकोनी स्फटिक दिसला की पोरं खूश होतात, पण इडीएस (कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी जोडणी) लावलं तर कित्येकदा सोडियम आणि क्लोरीन निघतं, साधं मीठ! शेजारी उभं असतं तर जागेवर कळलं असतं. मला तरी ऑपरेटर-ओन्लीचा नियम मशीनच्या काळजीपेक्षा सोयीसाठी जास्त टिकलाय असं वाटतं.

मग इथेच केंद्र का नाही? मागणी जुनीच आहे. विरोधकांचे मुद्दे हवेचे, विजेचे. पावसाळ्यात दमट हवा, थंड पाण्याच्या नळ्यांवर थेंब, एसी आणि डीह्युमिडिफायर बंद पडून चालत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, ते उदाहरण दर मीटिंगला निघतं. पण गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञानाची संस्था कित्येक वर्षं समुद्राला खेटून उभी आहे, तिथे याच खाऱ्या हवेत डायटम आणि फोरामिनिफेरा या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे फोटो निघतातच की. तळमजला, जड पाया, लिफ्ट आणि हायवेपासून लांब खोली आणि दणकट यूपीएस, हे जमतं, देखभालीच्या कराराला दरवर्षी पैसे ठेवले तर. ग्रँट मशीनला मिळते, कराराला मिळत नाही, तिथंच घोडं अडतं.

जानेवारी 2020 मध्ये देशभरातल्या मशीनच्या बुकिंगसाठी सरकारी पोर्टल आलं, त्यामुळे कुठे काय आहे ते घरबसल्या दिसतं. लॉकडाऊननंतर काही ठिकाणी स्क्रीन शेअर करून सँपल दाखवायलाही लागले, ऑपरेटर चालवतो आणि मुलगी फोनवरून सांगते कुठे थांबायचं. फॉर्मवर त्याचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी नाही, फोन करून मागावं लागतं.