'प्लास्टिक्स' : टोकियोच्या न्यू वेव्हची पार्श्वभूमी

जपानी न्यू वेव्ह (पंकनंतर आलेला, सिंथेसायझर आणि तुटक तालांचा रॉक) म्हटलं की पहिलं नाव 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' या बँडचं निघतं, आणि ते रास्तच आहे. पण १९७९-८० च्या टोकियोत 'टेक्नोपॉपचे', म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या पॉपचे, 'तीन मानकरी' म्हणून ज्यांचा बोलबाला होता ते बँड वेगळेच: पी-मॉडेल, हिकाशू आणि प्लास्टिक्स. या तिघांत सर्वांत विक्षिप्त प्लास्टिक्स. त्यांचं ऋण आजही पुरेसं मानलं जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

बँड जमला १९७६ मध्ये. गायक-गिटारवादक तोशिओ नाकानिशी चित्रकार, गायिका चिका सातो स्टायलिस्ट आणि दुसरा गिटारवादक हाजिमे ताचिबाना ग्राफिक डिझायनर. संगीत हा यांपैकी कुणाचाच पेशा नव्हता. पुढे ताकेमी शिमा आला. तो मूळचा गीतकार, पण बँडमध्ये त्याच्याकडे काम होतं ऱ्हिदम बॉक्सचं, म्हणजे ताल वाजवणाऱ्या यंत्राचं. ड्रमवादक ठेवायचाच नाही, ताल यंत्रानेच धरायचा, असा हा मामला. रोलंड कंपनीची सीआर-७८ हे तालयंत्र १९७८ मध्ये बाजारात आलं आणि त्याचा कोरडा टकटकाट हीच प्लास्टिक्सची ओळख बनली.

खरा वादक एकच होता, मासाहिदे साकुमा. 'योनिनबायाशी' या नावाजलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये तो बास वाजवायचा. लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांमध्ये मुरलेला हा माणूस इथे कीबोर्डवर बसला आणि दोन-तीन मिनिटांच्या गाण्यांना आकार देऊ लागला. वेशभूषा आणि पोस्टर यांची जाण असलेली चौघं आणि ध्वनीची जाण असलेला एक, या जोडणीतच बँडचं सगळं मर्म आहे, असं माझं मत.

'कॉपी' हे गाणं नीट ऐकलं की ते कळतं. यंत्राचा ठोका तसूभरही हलत नाही, त्यावर गिटारचे तुटक फटके बसतात, चिकाचा आवाज मध्येच किंचाळून निघून जातो. टोकियोत जिकडेतिकडे नक्कलच नक्कल आहे, असं गाणं सांगतं. जपानी रॉक म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, हा आक्षेप तेव्हा सर्रास घेतला जाई. या पोरांनी तो नाकारला नाही. त्याचंच गाणं केलं आणि ते ठसक्यात म्हटलं. लंडनच्या 'रफ ट्रेड' या रेकॉर्ड कंपनीने 'कॉपी' आणि 'रोबोट' ही दोन गाणी सिंगल म्हणून काढली, यावरून त्याचा आवाज कुठवर गेला ते दिसतं.

पहिला अल्बम 'वेलकम प्लास्टिक्स' १९८० च्या जानेवारीत आला आणि दुसरा 'ओरिगातो प्लास्टिको' त्याच वर्षी. अमेरिकेत टॉकिंग हेड्स आणि बी-५२'ज या तिथल्या न्यू वेव्ह बँडच्या वर्तुळात त्यांची ऊठबस झाली. मग 'आयलंड' या रेकॉर्ड कंपनीसाठी 'वेलकम बॅक' (१९८१) झाला, बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत जुनी गाणी नव्याने मुद्रित करून. ध्वनी त्यात जास्त गोळीबंद आहे, पण पहिल्या अल्बमची खोडी थोडी कमी झाली, हेही खरं. 'टॉप सीक्रेट मॅन' हे गाणं 'एससीटीव्ही' या कॅनडाच्या विनोदी कार्यक्रमातून उत्तर अमेरिकेतल्या घराघरांत पोचलं. १९८१ मध्येच बँड फुटला.

खरा प्रभाव त्यानंतर सुरू होतो, आणि तो मोठा आहे साकुमाचा. पी-मॉडेलचा पहिला अल्बम 'इन अ मॉडेल रूम' (१९७९) त्यानेच निर्माता म्हणून केला होता. म्हणजे त्या तीन मानकऱ्यांपैकी दोघांच्या ध्वनीवर एकाच माणसाचा हात. पुढे त्याने बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत 'बोवी' या जपानी बँडचा १९८५ चा अल्बम केला, आणि नव्वदच्या दशकात जूडी अँड मेरी, ग्ले अशा लाखोंनी खपणाऱ्या बँडच्या मागे तो उभा राहिला. २०१४ मध्ये तो गेला तोवर जपानी रॉकच्या मुख्य प्रवाहात त्याचं काम सर्वदूर मुरलेलं होतं.

नाकानिशी आणि चिकाची वाट निराळी. दोघांनी 'मेलन' हा बँड काढला, आणि १९८८ मध्ये नाकानिशी 'मेजर फोर्स' या लेबलच्या संस्थापकांपैकी एक झाला. जपानी हिपहॉप आणि क्लब संगीताची पायाभरणी तिथे झाली, आणि लंडनच्या 'मो वॅक्स' या लेबलने त्यातलं काही पुन्हा प्रकाशित केलं. ताचिबाना सॅक्सोफोन घेऊन एकट्याच्या अल्बमकडे वळला आणि डिझाइनही करत राहिला.

थेट वारसाही आहे. फ्रेंच-जर्मन जोडी 'स्टेरिओ टोटल'ने 'आय लव्ह यू ओह नो' आपल्या ढंगात गायलं आणि मूळ बँडचं नावही न ऐकलेल्या श्रोत्यांपर्यंत ते नेलं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'पॉलिसिक्स' या जपानी बँडचे नारिंगी जंपसूट डीव्हो या अमेरिकी बँडवरून आले असले, तरी त्यांच्या गाण्यांतला तो तुटक, हट्टी धसमुसळेपणा टोकियोच्याच या घराण्यातला आहे. प्लास्टिक्स ऐकायला घ्यायचे तर 'वेलकम बॅक'पासून नको. 'वेलकम प्लास्टिक्स'पासून घ्या, आणि त्याला लगेच जोडून पी-मॉडेलचा पहिला अल्बम लावा. साकुमाचा हात दोन्हीकडे ओळखू येतो.