राक्षस खोटा चालतो, कॅमेरा नाही

पर्वतीच्या माथ्यावरून शनिवारवाडा सरळ रेषेत सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. समजा, वाड्यामागून ५० मीटर उंचीचा प्राणी उभा राहिला आणि पर्वतीवर आलेल्या कुणी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण सुरू केलं. साध्या मुख्य लेन्समधून, फुल एचडी आडव्या फ्रेममध्ये, तो प्राणी जेमतेम २७-२८ पिक्सेल उंच येईल. फ्रेमची उंची १०८० पिक्सेल, म्हणजे तिचा चाळिसावा भाग. त्याने आपटलेला पाय लगेच दिसेल, पण धप्प आवाज पोचायला सात सेकंद लागतील.

फाउंड फुटेज, म्हणजे घटनेत अडकलेल्या कुणीतरी काढलेलं आणि मागाहून हाती लागलेलं चित्रीकरण. या प्रकारातल्या महाकाय प्राण्याच्या सिनेमाची सगळी जादू अशा हिशेबांवर उभी असते. प्राणी अशक्य आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि त्याची कुणाची तक्रार नसते. माणूस ३० पट मोठा केला तर उंची ५१ मीटर होईल, हाडांचा छेद ९०० पट वाढेल आणि वजन २७,००० पट. हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरवर ३० पट भार आला की मांडीचं हाड पहिल्याच पावलाला मोडेल. हे गणित गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलं आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये सोपं करून सांगितलं. तरीही आपण प्राण्याला माफ करतो. कॅमेऱ्याला मात्र करत नाही, कारण मोबाइलचं फुटेज आपण रोज पाहतो. ते कसं हलतं, कुठे फुटतं, आवाज कसा चिरकतो, हे डोळ्या-कानांना पाठ झालेलं असतं.

आकार दाखवायची सर्वांत परिणामकारक रीत म्हणजे तो फ्रेममध्ये न मावणं. सदाशिव पेठेतली सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. समोर १२ मीटर उंच इमारत, कॅमेरा अलीकडच्या भिंतीला टेकून, जमिनीपासून दीड मीटरवर. समोरच्या गच्चीच्या कडेवरून वर पाहायचं तर नजर ६० अंश वर न्यावी लागते. या कोनातून ५० मीटरचा प्राणी कॅमेऱ्यापासून २८ मीटरच्या आत आल्याशिवाय दिसतच नाही! आडव्या धरलेल्या मोबाइलला उभ्या दिशेने सुमारे ४२ अंशच दिसतं, त्यामुळे दिसला तरी छातीवरचाच तुकडा दिसणार. म्हणजे एक तर काहीच नाही, नाहीतर थेट डोक्यावर. मधली पायरी नाही. तोवर कळत असतं ते फक्त हादऱ्यांतून, धुळीतून आणि उलट्या दिशेने पळणाऱ्या लोकांतून. प्रेक्षकाचा मेंदू या खुणांवरून आकाराचा अंदाज बांधत राहतो, आणि आपण स्वतः बांधलेल्या अंदाजावर माणूस चटकन विश्वास ठेवतो. आमच्या मते या सिनेमांचं खरं आकर्षण इथे आहे. दूरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून अख्खा प्राणी दाखवला की हे काम प्रेक्षकाकडून काढून घेतलं जातं.

वजन दिसतं ते वेळातून. १९५४ च्या जपानी सिनेमातल्या पहिल्या गॉडझिला या महाकाय प्राण्याची उंची ५० मीटर मानली होती आणि शहराच्या प्रतिकृती १:२५ प्रमाणात होत्या. २० मीटरवरून सुटलेला भिंतीचा तुकडा खाली यायला दोन सेकंद घेतो. प्रतिकृतीत तीच उंची ८० सेंटिमीटर होते आणि तुकडा ०.४ सेकंदात पडतो. फरक पाच पटींचा, म्हणजे २५ चं वर्गमूळ. म्हणून १:२५ ची प्रतिकृती सेकंदाला १२० फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवायची. संगणकावर केलेल्या प्राण्यालाही हाच नियम लागतो. त्याची मांडी माणसाच्या चपळाईने हलली की तो खेळण्यासारखा वाटतो, मग कातडीवर कितीही बारीक काम केलेलं असो.

आवाजाचा उशीर बहुतेक जण विसरतात. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली आणि गाड्यांमधल्या डॅशकॅमनी ती टिपली. झगझगीत उजेड पाहून लोक खिडक्यांशी आले. धक्कालहर मिनिटाहून जास्त वेळाने पोचली आणि काचा फुटून शेकडो माणसं जखमी झाली. ते व्हिडिओ अंगावर येतात ते या मधल्या वेळामुळे.

आवाजाचा पोतही सांभाळावा लागतो. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाजवळ उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग ऐका. पहिल्या ठोक्याला माइकमध्ये आवाज फाटतो, मोबाइल आपोआप पातळी खाली ओढतो, आणि पुढच्या क्षणी गर्दीचा गलकाही दबतो. मग तो हळूहळू वर येतो. डरकाळीनंतर आजूबाजूचं जग असं दबलं नाही आणि डरकाळी स्वच्छ, खोल ऐकू आली, की ती स्टुडिओतून आणून चिकटवलेली आहे हे लगेच कळतं.

सर्वांत किचकट काम म्हणजे हलत्या चित्रात प्राणी बसवणं. सॉफ्टवेअर खिडक्यांचे आणि दुकानांच्या पाट्यांचे कोपरे धरून फ्रेमगणिक कॅमेऱ्याची जागा काढतं. पळताना चित्र पुसट झालं की कोपरे सुटतात. एकाच जागी उभं राहून कॅमेरा नुसता फिरवला तर जवळ-दूरचा फरक पडत नाही, त्यामुळे अंतरच कळत नाही. दोन पावलं तरी चालायला हवीत. रिक्षा आणि माणसं स्वतः हलतात, म्हणून त्यांच्यावरचे बिंदू हिशेबातून वगळायचे. मोबाइलचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करायची सोय, बंद ठेवायचं, कारण ते प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं आणि वाकवतं. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात.

त्यात रोलिंग शटरची भर. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. कॅमेरा झटक्याने वळला की उभे खांब तिरके होतात. त्या फ्रेममध्ये इमारती तिरक्या आणि प्राणी मात्र ताठ दिसला, की चुकलं काय ते सांगता न येताही प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. म्हणून आधी चित्रातला तिरकेपणा काढायचा, प्राणी बसवायचा आणि मग तोच तिरकेपणा दोघांना परत द्यायचा. लेन्समुळे चित्रात येणाऱ्या वक्रतेचंही तसंच. स्थिर शॉटला मागाहून नुसता हादरा देणं ही पळवाट आहे. त्यात सगळी फ्रेम एका पुठ्ठ्यासारखी हलते, जवळचा खांब आणि दूरची इमारत सारखीच सरकतात.

या हादऱ्यांची किंमत प्रेक्षक पोटाने मोजतो. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं बसलोय; या विसंगतीतून मळमळ होते. २००८ मध्ये ‘क्लोव्हरफील्ड’ या फाउंड फुटेज सिनेमाच्या वेळी अमेरिकेतल्या काही थिएटरांनी तशा सूचनाच लावल्या होत्या. पडदा नजरेचा जितका मोठा भाग व्यापतो तितका त्रास वाढतो. म्हणून असा सिनेमा थिएटरात पाहायचा तर मागच्या रांगांमधलं तिकीट काढावं, आणि डोकं गरगरू लागलं तर पडद्याबाहेरच्या स्थिर कडेवर थोडा वेळ नजर ठेवावी. बनवणाऱ्यांनी धावपळीच्या प्रसंगांमध्ये कॅमेरा कुठेतरी टेकवून काही सेकंद स्थिर शॉट द्यावा. मोबाइलच्या पडद्यावर बरं वाटलेलं हलणं मोठ्या पडद्यावर तपासल्याशिवाय कायम करू नये.