गारगोटीला सहा बाजू असतात, पण कॅल्साइटलाही असू शकतात

दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खोदली की राड्यारोड्यात चमकणारे पांढरे खडे सापडतात, आणि उचलणारा लगेच म्हणतो, ‘गारगोटी!’ काही खडे खरंच गारगोटी, म्हणजे क्वॉर्ट्झ असतात. काही असतात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. घनता एकाची २.६५, दुसऱ्याची २.७१, हातावर तोलून काय कळणार? रंगाचं तर नावच काढू नका. दोन्ही पांढरे असतात, बिनरंगी असतात, गुलाबीही असतात. तरी ‘पांढरा आहे ना, मग गारगोटीच’ हे ऐकावं लागतंच.

क्वॉर्ट्झ तुमच्या ओळखीचा आहे. खनिजांच्या १ ते १० या मोस मापावर कठिनता ७, काचेवर ओरखडा काढतो. कॅल्साइटची कठिनता ३, चाकूने सहज ओरखडला जातो. फक्त ओरखड्यावरून ओलं बोट फिरवून बघा. खाच राहिली तर खडा मऊ. राखाडी रेघ पुसली गेली तर ती चाकूच्याच पोलादाची होती. खडा नाण्याने ओरखडून बघा असाही सल्ला मिळतो, पण तो तांब्याच्या नाण्याचा आहे. आताचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, तो इथे कुचकामी. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतो, क्वॉर्ट्झ ढिम्म.

खरा घोळ होतो तो सपाट पृष्ठभागावर. ‘बाजू गुळगुळीत आहेत, म्हणजे पाटन (ठरलेल्या दिशांनी सपाट फुटण्याचा गुण) उत्तम,’ असं भूविज्ञानाचे विद्यार्थीसुद्धा लिहून जातात. गुळगुळीत बाजू दोन तऱ्हांनी तयार होते. एक स्फटिक वाढताना, दुसरी तो फुटताना. पाटन म्हणजे फक्त दुसरी.

क्वॉर्ट्झच्या सहा बाजू वाढीच्या. त्यांवर बारीक आडव्या रेषा दिसतात. स्फटिक फोडला की त्या बाजूंचा मागमूस राहत नाही. फुटलेल्या बाटलीच्या बुडासारखे वक्र, शिंपल्यागत पापुद्रे उरतात. त्याला पाटन नाहीच म्हटलं तरी चालेल.

कॅल्साइट फुटतो तो तीन ठरलेल्या दिशांनी, आणि त्या एकमेकींशी काटकोनात नसतात. कोन साधारण ७५ आणि १०५ अंशांचे. प्रत्येक तुकडा म्हणजे जाड शंकरपाळं. तुकड्याचा तुकडा केला तरी पुन्हा शंकरपाळंच. वाढताना मात्र कॅल्साइट हवं ते रूप घेतो: सुळ्यासारखा टोकदार, चपटा, कधी चक्क षट्कोनी खांब. तो षट्कोनी खांबही फुटतो शंकरपाळ्यांतच. म्हणून सहा बाजू मोजून निकाल देणं मला मान्य नाही. आधी फुटलेली कड शोधा. खडा उन्हात हळू फिरवा. पायऱ्या-पायऱ्यांनी तुटलेल्या कडेवरच्या सगळ्या पायऱ्या एकदमच लखकन चमकल्या, तर ते पाटन. क्वॉर्ट्झच्या फुटलेल्या कडेवर चमक वळणावळणाने सरकते.

कड फुटलेली नसेल तर हातोडा घेऊ नका. चांगला स्फटिक पुन्हा जोडता येत नाही. भिंगातून आत बघा. कॅल्साइटच्या पोटात समांतर चिरा दिसतात, एखादीत इंद्रधनुषी रंगही. खडा पारदर्शक असेल तर छापील ओळीवर ठेवा. कॅल्साइटखाली अक्षरं दुहेरी दिसतात. आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये डॅनिश शास्त्रज्ञ एरास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ साली नोंदवलेली ही गोष्ट आजही वर्तमानपत्राच्या कपट्यावर करून बघता येते.