फॅमिली डॉक्टर आणि मलाच्या चाचणीवरचा जुना अविश्वास

‘काही त्रास नाही ना? मग कशाला उगाच तपासण्या!’ हे वाक्य रुग्ण बोलला तर समजू शकतं. तेच डॉक्टरांच्या तोंडून ऐकू आलं की मात्र काळजी वाटते, कारण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग मुळात त्रास नसलेल्या माणसांसाठीच असतं. शौचातून रक्त पडतंय, वजन घटतंय, शौचाची सवय अचानक बदलली आहे, अशा माणसाला स्क्रीनिंगची नव्हे, थेट निदानाच्या तपासण्यांची गरज असते.

2022 साली जगभरात या कॅन्सरचे 19 लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले आणि सुमारे 9 लाख माणसं दगावली. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसांच्या कॅन्सरनंतर याचाच क्रमांक लागतो. आणि तरीही हा कॅन्सर आपल्याला भरपूर वेळ देतो. बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. पेशींमधल्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि त्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. तेवढ्या अवधीत तो सापडला, तर कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघताना, त्या नळीतूनच कापून काढता येतो.

मग अडतं कुठे? लोक तपासणीला तयार होतात की नाही, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ओळखीच्या डॉक्टरांनी किंवा नर्सने ‘ही तपासणी करून घ्या’ असं स्पष्ट सांगितलं, तर लोक करतात. त्यामुळे प्राथमिक सेवेतल्या या मंडळींना स्वतःला तपासणीबद्दल काय वाटतं, याला फार महत्त्व आहे. यातल्या बऱ्याच जणांचं मत असं, की कोलोनोस्कोपी हीच खरी तपासणी आणि मलातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी मलाची चाचणी म्हणजे आपली एक दुधाची तहान ताकावर. मला हे मत चुकीचं वाटतं. त्याचं मूळ एका जुन्या चाचणीत आहे, म्हणून तिच्या रसायनशास्त्रात जरा खोल शिरू या.

जुनी चाचणी ग्वायॅक नावाच्या झाडाच्या राळेवर चाले. कागदावर ती राळ असायची. त्यावर मलाचा नमुना लावायचा आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे दोन भाग असतात: लोह असलेला हीम आणि ग्लोबिन नावाचं प्रथिन. हीम हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन घडवून आणतं, त्यातून राळेचं ऑक्सिडीकरण होतं आणि कागद निळा होतो. पण हीम माणसाचंच असावं अशी काही अट त्या कागदाला नव्हती. लाल मांस खाल्लं तरी तो निळा होई. काही कच्च्या भाज्यांमधली एन्झाइम्सही तेच काम करत. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या असतील, तर रक्त असूनही रंग उमटत नसे. शिवाय हीम पचनात बऱ्यापैकी टिकून राहतं, म्हणून जठरातल्या अल्सरचं रक्तही इथे ‘पॉझिटिव्ह’ दिसायचं. डॉक्टरांचा विश्वास उडाला तो या सगळ्यामुळे.

नवी चाचणी, म्हणजे फिट (FIT, फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट), हीमकडे बघतच नाही. तिच्यातल्या अँटिबॉडी फक्त मानवी ग्लोबिनला चिकटतात. ग्लोबिन हे प्रथिन असल्यामुळे जठरातलं पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारी एन्झाइम्स त्याचे तुकडे करून टाकतात. हिरडीतून किंवा जठरातून आलेल्या रक्ताचं ग्लोबिन मोठ्या आतड्यापर्यंत सहसा शाबूत पोहोचतच नाही. मोठ्या आतड्यात झिरपलेलं रक्त मात्र या पाचक एन्झाइम्सच्या वाट्याला न जाता बाहेर पडतं. म्हणजे रक्त कुठून आलं, याची निवड आपली पचनसंस्थाच करून देते. मला या चाचणीतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. त्यामुळे खाण्याचं पथ्य लागत नाही. एक बारीक काडी मलावर ठिकठिकाणी फिरवायची आणि द्रव भरलेल्या छोट्या नळीत घालून झाकण लावायचं, एवढंच घरी करायचं असतं. त्या द्रवामुळे ग्लोबिन टिकतं. तरी नळी उन्हात राहिली किंवा द्यायला फार उशीर झाला, तर ग्लोबिनचं विघटन होऊन रक्त असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो.

आता थोडी आकडेमोड. कॅन्सर असलेल्या शंभर जणांपैकी साधारण 75 ते 80 जण एका फिटमध्ये सापडतात. मोठे, धोकादायक पॉलिप मात्र एका खेपेत जेमतेम पाव हिस्साच. म्हणूनच ही चाचणी दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करायची असते. समजा, हजार जणांत 5 जणांना कॅन्सर आहे, चाचणी त्यातले 4 पकडते आणि कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या 6 जणांनाही पॉझिटिव्ह ठरवते. मग पॉझिटिव्ह येतील 64 जण आणि त्यात कॅन्सरचे चारच. ‘एवढी खोटी घंटा!’ असं डॉक्टरांना वाटतं ते इथे. पण उरलेल्या साठांपैकी कित्येकांच्या आतड्यात पॉलिप असतात, आणि ते काढणं हाच तर अर्धा उद्देश. शिवाय हजारांऐवजी 64 जणांचीच कोलोनोस्कोपी करावी लागते.

आणि सरसकट सगळ्यांना कोलोनोस्कोपीच सुचवली तर? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे हजार जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली, त्यांच्यातल्या 38 टक्के लोकांनी ती केली. ज्यांना मलाची चाचणी सुचवली, त्यांच्यात हे प्रमाण 67 टक्के होतं, आणि दोन्हींतून निवड करू दिली तेव्हा 69 टक्के. न केलेली कोलोनोस्कोपी कितीही अचूक असली तरी एकही पॉलिप शोधत नाही.

इकडे दवाखान्यात आणखी एक घोळ चालत आला. गुदाशयाची बोटाने तपासणी करतानाच हातमोज्याला लागलेला नमुना तपासून मोकळं व्हायचं. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सर किंवा धोकादायक पॉलिप असलेल्यांपैकी जेमतेम 5 टक्के अशा एका नमुन्यात सापडले, तर घरी घेतलेल्या सहा नमुन्यांत सुमारे 24 टक्के. तरी त्याच काळात तिथले जवळपास एक तृतीयांश प्राथमिक डॉक्टर फक्त हीच पद्धत वापरत होते.

रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखण्याच्या जाहिरातींनाही डॉक्टरांनी भुलू नये. अमेरिकेत 2024 साली मान्यता मिळालेल्या रक्तचाचणीने कॅन्सर 83 टक्के पकडले, पण धोकादायक पॉलिप अवघे 13 टक्के. ‘आतड्याचं डिटॉक्स’ करणारी चूर्णं आणि एनिमा तर याहून पुढचे. पॉलिप अस्तरातच उगवलेला असतो, तो धुऊन निघत नाही.

फिट पॉझिटिव्ह आली की ‘मूळव्याध असेल, पुन्हा एकदा करून बघू’ असं म्हणणारे डॉक्टर आजही भेटतात. पॉलिप रोज रक्त सांडत नाही. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह निकाल पहिल्या दिवशीचं रक्त पुसत नाही, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिपही असू शकतो. फिट पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे सत्तर हजार अमेरिकी लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची कोलोनोस्कोपी दहा महिन्यांहून जास्त लांबली, त्यांच्यात कॅन्सरचं आणि तो पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून नमुन्याची नळी हातात देतानाच नर्सने किंवा डॉक्टरांनी सांगावं, की निकाल पॉझिटिव्ह आला तर पुढची पायरी कोलोनोस्कोपी, आणि तिची तारीख त्याच भेटीत ठरवायची.